डॉकमार्गे टॅबलेटमध्ये इमेज घालताना येणाऱ्या अडचणी



आजचा विषय प्रथमदर्शनी अगदी कोरडा वाटेल. शाळांसाठी आलेल्या टॅबलेटमध्ये विंडोज प्रणाली, पाठांची सामग्री, मराठी टंकलेखनाची सोय व आवश्यक ती बंधने हे सर्व एकाच नमुन्याने सर्व्हरवरून उतरवून घ्यावयाचे, या कामास आपण इमेज घालणे म्हणतो. एकेक टॅबलेट हाताने सिद्ध करू गेल्यास वेळ तर फार जातोच, शिवाय दोन यंत्रे सारखी होतील याची शाश्वती राहत नाही. म्हणून टॅबलेट डॉकवर बसवावयाचा, डॉकला जाळ्याची केबल जोडावयाची, आणि टॅबलेट स्वतःच्या साठ्यातून सुरू न होता जाळ्यावरून सुरू व्हावा अशी तजवीज करावयाची. तजवीज उत्तम आहे. पण ती अडली म्हणजे पडद्यावर इंग्रजीतील एखादी ओळ क्षणभर उमटते, नाहीशी होते, आणि टॅबलेट पुन्हा आपल्या जुन्या प्रणालीत जाऊन बसतो. असे दोनचार वेळा घडले की त्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लागते व तो कपाटात जातो. कपाटापासून जडसंग्रह नोंदवहीतील शेऱ्यापर्यंत, आणि शेऱ्यापासून निर्लेखनाच्या प्रस्तावापर्यंतची वाट फार लांब नाही, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. यंत्र बहुधा धडधाकट असते. ज्या मुलांच्या हाती ते पडावयाचे, त्यांचे वर्ष मात्र निघून जाते.

एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. मी बोलणार आहे ते विंडोजवर चालणाऱ्या टॅबलेटविषयी. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो हा त्यांतील परिचित नमुना. ॲंड्रॉइड टॅबलेटना हा मार्ग लागू नाही, तेव्हा त्यांच्यावर हा प्रयोग करून पाहू नये.

आता मुख्य मुद्दा. अशा टॅबलेटला केबल लावण्याचे भोक नसते, कारण जाळ्याचे कार्ड मुळी त्याच्या पोटात नसतेच. ते असते डॉकमध्ये. टॅबलेट व सर्व्हर यांच्यामधला सारा व्यवहार या निरोप्याच्या तोंडून चालतो, आणि बहुतेक घोटाळे येथेच उगवतात. टॅबलेटच्या फर्मवेअरला निरोप्याची भाषा कळली नाही तर पहिला शब्दही पुढे जात नाही. सरफेसच्या बाबतीत तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डॉक अथवा स्वतःचे इथरनेट ॲडॅप्टर असेल तरच जाळ्यावरून बूट होते. बाजारातील दुसरे स्वस्त ॲडॅप्टर विंडोज चालू असताना उत्तम काम देते, आणि बूट करतेवेळी मात्र मुके होते. ‘काल तर याच ॲडॅप्टरवर इंटरनेट चालत होते,’ ही तक्रार त्यामुळे खरी असली तरी तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डॉक आधी जोडावा, मगच टॅबलेट सुरू करावा. सरफेसवर आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरावे व मग विजेचे बटण दाबून सोडावे.

जाळ्यावरून बूट करण्याची जी पद्धत आपण वापरतो तिला पीएक्सई म्हणतात. इंटेलने तिचे २.१ क्रमांकाचे विवरण १९९९ साली प्रसिद्ध केले, आणि आजही तिची मूळ चाल तीच आहे. टॅबलेट प्रथम सर्वांस ऐकू जाईल अशी हाक मारतो: मला पत्ता द्या, आणि कोठून सुरू व्हावयाचे ते सांगा. डीएचसीपी सेवा पत्ता देते. तीच किंवा तिच्या शेजारची दुसरी सेवा सर्व्हरचे व आरंभीच्या फाईलचे नाव सांगते. मग टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने ती फाईल उतरते, तिच्या पाठोपाठ विंडोजची एक लहानशी तात्पुरती आवृत्ती उतरते, आणि ती जागी होऊन मोठी इमेज ओढून घेते. गाडी यांपैकी कोणत्या ठाण्यावर थांबली हे समजल्यावाचून काहीही बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडद्यावरील ओळ डोळ्यांस टिपता येत नसेल तर मोबाईलने चित्रफीत घ्यावी व ती थांबवून वाचावी. ‘पीएक्सई-ई१६’ असा आकडा दिसला तर हाकेला कोणी ओ दिलेली नाही. ‘ई१८’ दिसला तर ओ मिळाली, पण पुढे सर्व्हर वेळेत बोलला नाही.

हाकेला ओ न मिळण्याचे एक कारण फार फसवे आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. मोठ्या कार्यालयांतील स्विच, जाळ्यात चक्र होऊ नये म्हणून, नवी केबल जागी झाली की ती लगेच खुली करीत नाहीत. स्पॅनिंग ट्री या जुन्या व्यवस्थेत पंधरा सेकंद ऐकण्यात व पंधरा शिकण्यात जातात. एकूण तीस सेकंद तो मार्ग बंदच असतो. तेवढ्या अवधीत टॅबलेट हाका मारून थकतो व नाद सोडतो. डॉकवरील दिवा लुकलुकत असतो, केबल ठीक असते, सर्व्हर ठीक असतो, तरीही काम होत नाही. याची परीक्षा अगदी सोपी आहे. भिंतीतील जोडणी व डॉक यांच्यामध्ये एक साधा, स्वस्त, कोणतीही बुद्धी नसलेला स्विच ठेवावा. त्यामुळे मोठ्या स्विचच्या बाजूची केबल सतत जागी राहते आणि तीस सेकंदांची वाट पाहावी लागत नाही. एवढ्याने टॅबलेट बूट झाला तर दोष सापडला असे समजावे. मात्र तो लहान स्विच तेथेच कायमचा ठेवून देणे हा उपाय नव्हे. जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्यास सांगून त्या जोडणीवर पोर्टफास्ट ही सवलत चालू करून घ्यावी. हा सांगावा लेखी द्यावा, कारण तोंडी सांगितलेले त्या खात्यात फार काळ टिकत नाही.

दुसरे कारण सर्व्हर वेगळ्या जाळ्यात असण्याचे. टॅबलेटची हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. ती पोहोचविण्यासाठी राउटरवर सर्व्हरचा पत्ता नोंदवून ठेवावा लागतो. येथे पुष्कळ जण आडवाट धरतात व डीएचसीपीच्या ६६ आणि ६७ या पर्यायांत सर्व्हरचे व फाईलचे नाव कायमचे लिहून टाकतात. जुन्या बायोस यंत्रांचे त्यावर चालते. टॅबलेट मात्र यूईएफआयवर चालतो. त्यास बायोसची फाईल दिली तर तो ती घेतो, उघडू शकत नाही, आणि मुकाट्याने परततो. वास्तविक प्रत्येक यंत्र हाक मारतानाच आपली जात ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगत असते: बायोस असेल तर ०, ३२ बिटांचे यूईएफआय असेल तर ६, ६४ बिटांचे असेल तर बहुधा ७, आणि ६४ बिटांचे एआरएम असेल तर ११. सर्व्हरला ते ऐकू द्यावे व योग्य ती फाईल त्याने द्यावी, हेच बरे. ॲटम प्रोसेसरचे २०१३-१४ च्या सुमाराचे कित्येक टॅबलेट असे आहेत की प्रोसेसर ६४ बिटांचा आणि फर्मवेअर ३२ बिटांचे. त्यांना ६४ बिटांची फाईल देत बसलात तर दिवस मावळेल.

फाईल उतरू लागते, पण गोगलगायीच्या गतीने, अशीही तक्रार येते. टीएफटीपी मूळच्या रीतीने ५१२ बाइटांचा एकेक तुकडा पाठवते व प्रत्येकाची पोच आल्यावरच पुढचा सोडते. तात्पुरत्या विंडोजची फाईल ३०० मेगाबाइटांची धरली तर सहा लाख चौदा हजारांहून अधिक तुकडे झाले. प्रत्येक फेरीस एक सहस्रांश सेकंद लागला तरी दहा मिनिटे तेथेच गेली. सर्व्हरवर तुकड्याचा आकार १४५६ बाइट केल्यास फेऱ्या सव्वादोन लाखांच्या आत येतात. याहून मोठा आकार काही डॉकना पेलत नाही. तो हळूहळू वाढवून पाहावा.

तात्पुरती विंडोज जागी झाली, पार्श्वभूमीचे चित्र दिसले, आणि मग काहीच न होता यंत्र पुन्हा सुरू झाले, तर बहुतेक वेळा डॉकमधील कार्डाचा ड्रायव्हर त्या लहान विंडोजमध्ये नाही असे समजावे. आतापर्यंत ते कार्ड फर्मवेअर चालवीत होते. आता ते विंडोजच्या स्वाधीन झाले, आणि विंडोज त्यास ओळखत नाही. चाचणीपुरती आज्ञापटलाची सोय चालू ठेवून एफ८ दाबावे व ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पत्ता दिसला नाही तर ड्रायव्हर बूटच्या फाईलमध्ये घालून ती सर्व्हरवर नव्याने ठेवावी. येथे टॅबलेटचा नमुना पाहून ड्रायव्हर शोधू नये, डॉकचा नमुना पाहून शोधावा. पत्ता दिसतो पण सर्व्हर ओळख नाकारतो, असे झाल्यास घड्याळ पाहावे. मे महिन्याची सुट्टी कपाटात काढलेल्या टॅबलेटची बॅटरी संपून तारीख मागे गेलेली असू शकते, आणि चुकीच्या तारखेच्या यंत्रावर सर्व्हर विश्वास ठेवीत नाही.

आता ज्या दोषास मी सर्वांत अधिक भितो त्याकडे येतो. इतर दोषांत काम होत नाही. यात भलतेच काम होते. जाळ्यात यंत्राची ओळख मॅक पत्त्यावरून होते, आणि तो पत्ता कार्डाचा, म्हणजे डॉकचा. एकाच डॉकवर दहा टॅबलेट पाळीपाळीने बसविले तर सर्व्हरला दहाही वेळा तोच गृहस्थ दारात दिसतो. पहिल्याला इमेज मिळते. दुसऱ्याला ‘तुझे काम झाले आहे’ म्हणून परत पाठविले जाते, किंवा पहिल्याचेच नाव दिले जाते. याहून वाईट म्हणजे, त्या पत्त्याच्या नावे इमेज घालण्याची सक्तीची आज्ञा राहून गेली असेल आणि पुढे कोणी वर्गातील वापरता टॅबलेट त्या डॉकवर जाळ्यावरून सुरू केला, तर त्यातील मुलांचे वाचनाचे ध्वनिमुद्रण, चित्रे, शिक्षकांच्या नोंदी, सर्व पुसले जाईल. ते परत येत नाही.

म्हणून सामायिक डॉकचे मॅक पत्ते सर्व्हरवरील ‘ओळखीसाठी धरू नयेत’ अशा यादीत घालावेत, म्हणजे ओळख टॅबलेटच्या स्वतःच्या मदरबोर्डवरील क्रमांकावरून होईल. डेल, लेनोवो व एचपी यांच्या कित्येक नमुन्यांत टॅबलेटचा स्वतःचा पत्ता डॉकमधून पुढे करण्याची सोय आहे. पण ती साधारणतः त्याच कंपनीच्या डॉकवर चालते. सक्तीची आज्ञा शक्यतो ठेवूच नये. सर्व्हरने संमती विचारावी आणि माणसाने ती द्यावी, यात थोडे सेकंद गेले तरी चालतील. संमती देण्यास यूएसबी कळफलक लागेल, तो जवळ ठेवावा.

डॉक थोडे व टॅबलेट पुष्कळ, अशीच आपली स्थिती राहणार असल्यामुळे प्रत्येक डॉकवर ठळक क्रमांक लिहावा. नोंदवहीत एका ओळीत टॅबलेटचा अनुक्रमांक, डॉकचा क्रमांक व मॅक पत्ता, कोणत्या ठाण्यावर अडला, आणि काय बदलल्यावर पुढे गेला, एवढे लिहावे. ‘नादुरुस्त’ हा शेरा, तो टॅबलेट दुसऱ्या डॉकवर व दुसऱ्या जोडणीवर लावून पाहिल्यावाचून कोणीही लिहू नये. आज येथे टेबलावर तीन डॉक मांडले आहेत, आणि आपण बरोबर आणलेले चिठ्ठी लागलेले टॅबलेटही आहेत. दुपारच्या सत्रात त्यांपासूनच आरंभ करू.