झिजलेला गुडघा आणि शहाणा व्यायाम

जिना चढताना गुडघ्यात कळ आली की माणूस कठडा धरतो. पुढे तो जिनाच टाळतो. मग बाजारात जाणेही सोडतो. झिजलेली वस्तू जितकी कमी वापरावी तितकी ती टिकते, असा त्याचा हिशेब.

पण सांधा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. हाडांच्या टोकांवरची कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यावर भार पडतो आणि उतरतो, त्याने तिच्या पोषणाला मदत होते. शिवाय बसून राहिल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघा अधिकच कुरकुरतो. म्हणून आधी आजाराची माहिती, मग व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणे, हा पहिला उपचार असे वैद्यकशास्त्र कित्येक वर्षे सांगत आले आहे. अडचण एवढीच, की ग्रंथातला हा उपचार रोग्याच्या गुडघ्यापर्यंत पोचत नव्हता.

डेन्मार्कमध्ये एवा रूस आणि सोरेन स्कौ या संशोधकांनी २०१३ साली त्यावर तोड काढली. योजनेचे नाव 'ग्लाड'. डॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ आनंदी! गावोगावच्या व्यायामोपचारकांना त्यांनी दोन दिवसांचे शिक्षण दिले. रोग्यांना आधी आजार समजावून सांगायचा, आणि मग आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे, देखरेखीखाली व्यायाम. व्यायाम तरी कसले? खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे, असलेच. म्हणजे रोजच्या जगण्यातलेच. पूर्वी हे शिक्षण घेतलेला एखादा रोगीही येऊन आपला अनुभव सांगे.

'पण दुखलं तर?' हा प्रश्न प्रत्येकाचाच. तिथे एक साधे माप शिकवतात. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना पाचापर्यंत दुखले तर चालते. मात्र चोवीस तासांत दुखणे पूर्वपदावर आले पाहिजे. नाही आले, तर पुढच्या वेळी व्यायाम हलका करायचा. भीतीला असे माप मिळाले की ती निम्मी होते!

आणखी एक गोष्ट बरं का. प्रत्येकाची नोंद सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि वर्षाने ठेवतात. २०१७ साली सुमारे दहा हजार जणांचा अहवाल निघाला. वेदना सरासरी चौथाईने उतरल्या होत्या. व्यायाम न करणारा गट तुलनेला नव्हता, म्हणून सगळेच श्रेय व्यायामाला देता येत नाही, हे खरे. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांनीही ही पद्धत उचलली.

गुडघा एकाएकी सुजला, लाल झाला, ताप आला किंवा मार लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. एरवी मात्र, 'आता चालणं बंद करा' असे कोणी सांगितले, तर त्याला नम्रपणे विचारा, 'चालायचं कसं, ते शिकवाल का?'