अंतर कुणी ठरवायचं?

जूनच्या सुट्टीत डब्लिनमध्ये असाल, तर तुम्ही हे दृश्य पाहिलं असेल. हजारो बायका दहा किलोमीटरच्या वाटेला लागलेल्या असतात. कुणी धावतंय, कुणी मैत्रिणीशी गप्पा मारत चालतंय, कुणाच्या टी-शर्टवर आता नसलेल्या माणसाचा फोटो आहे. ही विमेन्स मिनी मॅरेथॉन. एका वर्षी आई साताऱ्याहून आली होती, तिला घेऊन मी बघायला गेले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "यांना कधी कुणी अडवलं नाही का गं?"

अडवलं होतं, आणि चांगलंच अडवलं होतं. आज तीच गोष्ट सांगते.

आधी थोडं जगाचं. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. अंतिम फेरीत नऊजणी धावल्या आणि नऊच्या नऊ शेवटपर्यंत पोचल्या. तरी वर्तमानपत्रांत छापून आलं की बायका कोसळल्या, हे त्यांना झेपणारं नाही. धावून दमलेला पुरुष गवतावर आडवा झाला तर त्याचं कौतुक, बाई आडवी झाली तर शर्यतच बंद! ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर परत यायला १९६० साल उजाडलं.

आयर्लंडमध्ये तर याहून कठीण. १९३४ मध्ये इथल्या राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेत विचार झाला, की पुरुषांच्याच स्पर्धांमध्ये बायकांच्याही शर्यती ठेवाव्यात. ब्लॅकरॉक कॉलेजचे तेव्हाचे प्रमुख जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी त्याला जाहीर विरोध केला. पुरुषांसमोर बायकांनी मैदानात उतरणं त्यांना असभ्य वाटत होतं. प्रस्ताव बारगळला. हेच मॅक्वेड पुढे १९४० मध्ये डब्लिनचे आर्चबिशप झाले. अशा हवेत कुठली मुलगी धावायला बाहेर पडणार?

एक पडली. मीव्ह काइल, मूळच्या किलकेनीच्या. हॉकीत आयर्लंडकडून खेळायच्या, लग्नानंतर उत्तरेला बॅलिमीनाला राहायला गेल्या आणि नवऱ्याच्या प्रोत्साहनानं धावू लागल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. त्या वर्षीच्या आयरिश पथकात त्या एकट्याच स्त्री होत्या. अ‍ॅथलेटिक्समध्ये आयर्लंडची ही पहिलीच महिला ऑलिंपियन. पण घरी दोन वर्षांची मुलगी होती. तिला ठेवून आई जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते म्हणून वर्तमानपत्रांत रागाची पत्रं आली. त्याच पथकातल्या पुरुषांना घरी मूल कोण सांभाळतंय, असं कुणी विचारलं नाही.

मेलबर्नला त्या १०० आणि २०० मीटर धावल्या. आठ वर्षांनी टोकियोत, वयाच्या छत्तिशीत, ४०० आणि ८०० मीटर धावल्या. म्हणजे वय वाढत गेलं तसं त्यांचं अंतरही वाढत गेलं!

मग आला ऑक्टोबर १९८०. डब्लिनमध्ये पहिली मॅरेथॉन झाली. बेचाळीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर बायका पुरुषांच्या बरोबरीनं धावल्या, आणि त्यांत पहिली आली कॅरी मे. वेळ दोन तास बेचाळीस मिनिटं. गंमत बघा, ऑलिंपिकमध्ये तेव्हा बायकांची मॅरेथॉन नव्हतीच! ती सुरू झाली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. आयर्लंडच्या कॅरी मे आणि रेजिना जॉइस त्या पहिल्या शर्यतीत धावल्या. तोवर कॅरी मे जपानमधली ओसाकाची मॅरेथॉनही जिंकून आल्या होत्या.

दरम्यान १९८३ मध्ये डब्लिनची मिनी मॅरेथॉन सुरू झाली. पहिल्याच वर्षी सुमारे नऊ हजार बायका आल्या. दहा वर्षांपूर्वीपर्यंत याच देशात लग्न झालं की बाईला सरकारी नोकरी सोडावी लागत होती, हे लक्षात घ्या, म्हणजे त्या नऊ हजारांचं मोल कळेल. पुढे कॉर्क जिल्ह्यातल्या कोव्हच्या सोनिया ओसलिव्हननं १९९५ मध्ये ५००० मीटरचं जागतिक विजेतेपद मिळवलं. जागतिक स्पर्धेत बायकांसाठी हे अंतर पहिल्यांदाच ठेवलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती धावली, दहावी आली. ती शर्यत ऑलिंपिकमध्ये बायकांना २००८ पर्यंत मिळालेलीच नव्हती. दार उघडायला वेळ लागतो, पण उघडलं की आत जाणाऱ्या मुली तयार असतात.

घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, "शाळेत मी शर्यतीत पहिली यायचे. पाळी सुरू झाली आणि घरच्यांनी सांगितलं, आता पुरे." चाळीस वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी नावं नोंदवली. ती पंजाबी ड्रेसवर बूट घालून चालली, तिसऱ्या किलोमीटरला थांबून पाणी प्यायली, आणि शेवटचे शंभर मीटर मला मागे टाकून चक्क धावली.

श्रोतेहो, तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर आज तिला विचारा, शाळेत तू धावायचीस का? आणि उत्तर ऐकायला जरा वेळ काढून बसा.