रक्तदाबाचा रोगी आणि भुलीचे औषध
(महोत्सवी सभेतील व्याख्यान)



आम्ही डॉक्टर नव्हे. विज्ञान शिकविणारे शाळामास्तर आहोत. तरीही हा विषय घेतला, कारण घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली आणि त्याला रक्तदाब असला, की "याला भूल सोसेल काय?" हा प्रश्न सर्वांच्या मुखी येतो.

आपल्या हैदराबादला हा प्रश्न नवा नाही. १८८८ व १८८९ साली निजाम सरकारच्या साह्याने डॉ. एडवर्ड लॉरी यांनी येथे क्लोरोफॉर्मची परीक्षा केली. त्याने श्वास आधी थांबतो, हृदय नंतर, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९११ साली लेव्ही यांनी दाखविले की, हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्म थेट हृदयाचा घात करू शकते. तेव्हा भुलीच्या औषधाची निवड म्हणजे हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा विचार, हा धडा जुनाच आहे.

आता अडचण पाहू. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असला म्हणजे रोहिणींच्या भिंती ताठर होतात आणि मेंदू व मूत्रपिंडे चढ्या दाबालाच सरावतात. भुलीचे औषध शिरेत जाताच हा दाब एकदम कोसळू शकतो. लगेच श्वासनलिकेत नळी घालताना तोच उसळी घेतो. उतार आणि चढ दोन्ही काही मिनिटांत!

औषधांचे गुणही निरनिराळे. थायोपेंटोन १९३४ पासून माहीत आहे. ते दाब उतरविते व नाडी जलद करते. प्रोपोफॉल आज फार वापरतात. पण ते रक्तवाहिन्या सैल करीत असल्याने अशा रोग्यास बेताने व सावकाश द्यावे लागते. इटोमिडेट दाब फारसा हलवीत नाही, म्हणून दुबळ्या हृदयास सोयीचे. परंतु अधिवृक्क ग्रंथीचे काम काही तास मंदावते आणि नळी घालतानाची उसळीही ते आवरीत नाही. त्यासाठी फेंटानिलसारख्या औषधाची जोड देतात. केटामीन दाब व नाडी दोन्ही वाढविते, म्हणून येथे सहसा टाळतात. रक्तस्रावाने दाब उतरलेल्या रोग्यास मात्र तेच उपयोगी पडते. सारांश, 'सर्वांत चांगले औषध' असे एकही नाही. रोगी पाहून निवड, आणि निवडीइतकीच मात्रा व गती महत्त्वाची.

ही निवड भूलतज्ज्ञाची. पण तिचा आधार आपण दिलेली माहिती. तारीख पुढे जाईल या भीतीने कित्येक जण रक्तदाब लपवितात. वास्तविक दाब १८०/११० च्या वर नसेल, तर केवळ त्याच कारणासाठी ठरलेली शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलीत नाहीत. मग लपवून लाभ कोणाचा?

दुसरी गैरसमजूत 'उपाशीपोटी' या शब्दाची. काही जण गोळ्याही बंद करतात. काही गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाच्या असतात. 'प्रिल' वा 'सार्टन' अशा शेवटाच्या नावांच्या गोळ्या पुष्कळदा आदल्या दिवशी थांबवितात. आणि बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्या अचानक सोडणे धोक्याचे. कोणती घ्यावी, कोणती थांबवावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

म्हणून आमची विनंती एवढीच: रोज घेत असलेल्या गोळ्यांची नावे, मात्रा व वेळ एका चिठ्ठीवर लिहून रोग्याबरोबर द्या. चिठ्ठीला खर्च नाही. पण तीवरून भूलतज्ज्ञाला योग्य औषध निवडता येते.