एका देहाची दोन दप्तरे



दीक्षान्ताच्या व्यासपीठावरून ध्येयवाद आणि चारित्र्य यांविषयी उपदेश करण्याचा आपल्याकडे जुना प्रघात आहे आणि त्याची महती मी कमी लेखीत नाही. परंतु तुम्ही परिचर्येचे, वैद्यकाचे आणि भौतिकोपचाराचे स्नातक आहात, तुमच्यापैकी अनेकांची नेमणूक उद्या या धरमतरच्या खाडीकाठच्या पेण तालुक्यात अथवा वर नागोठण्याकडे रोहे तालुक्यात व्हावयाची आहे, आणि ज्या स्त्रीपुरुषांनी खारबंदिस्ती राखून, मिठागरांत उन्हातान्हात राबून, गुडघाभर चिखलात भाताची लावणी करून हा मुलूख नांदता ठेवला, त्यांच्या उतारवयातील एका दुहेरी दुःखाविषयी तुमच्याशी बोलण्याची ही संधी मी दवडू इच्छीत नाही. ते दुःख म्हणजे हाडांचे ठिसूळ होणे आणि स्मृतीचे क्षीण होत जाणे. ही दोन दुःखे आपण समजतो तितकी परस्परांपासून निराळी नाहीत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या आरोग्यव्यवस्थेत मात्र या दोहोंची दप्तरे वेगळी आहेत. ओसरीच्या पायरीवरून घसरलेल्या सत्तरपंचाहत्तर वर्षांच्या आजींना घरची माणसे तालुक्याच्या गावी आणतात, तेथून अलिबागला किंवा पनवेलला नेतात, खुब्याचे हाड मोडल्याचे निदान होते, शस्त्रक्रिया होते, आणि घरी परतताना हाती पडलेल्या कागदावर मोडलेल्या हाडाची, बसवलेल्या सळईची आणि काढलेल्या टाक्यांची तारीखवार हकीकत असते. पण गेली दोन वर्षे आजी आमटीत दोनदा मीठ घालतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात आणि शेजारच्या आळीतून परतताना वाट चुकतात, याची त्या कागदावर एक ओळही नसते, कारण ते कोणी विचारलेले नसते आणि घरच्यांना ते आजाराचे लक्षण वाटलेले नसते. तसेच, विसराळूपणासाठी मेंदूच्या तज्ज्ञाकडे नेलेल्या आजोबांच्या कागदावर स्मृतीच्या परीक्षेचे गुण असतात, परंतु गेल्या वर्षभरात ते किती वेळा पडले, पाठीला बाक कधी आला, उंची कमी झाली काय, यांची नोंद सापडत नाही. हाड मोडण्याचा दहा वर्षांतील संभव अजमावण्यासाठी शेफील्ड विद्यापीठातून २००८ साली जगापुढे आलेली फ्रॅक्स नावाची गणनपद्धती घ्या: तीत वय, वजन, पूर्वीची मोड, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, मद्यपान या साऱ्यांची पृच्छा आहे, स्मृतीविषयी एकही प्रश्न नाही.

आता पुरावा पाहू. कॅनडातील ६५ वर्षांवरील १,७४१ स्त्रिया आणि ६२० पुरुष यांच्या दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील गार्वन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यात ज्या स्त्रियांची बुद्धिशक्ती उतरत गेली त्यांच्या हाडांची झीज अधिक वेगाने झाल्याचे, आणि ज्यांचा बौद्धिक ऱ्हास पहिल्या पाच वर्षांतच ठळक झाला त्यांची हाडे पुढील काळात अधिक मोडल्याचे दिसून आले. पुरुषांत हा संबंध आढळला नाही. नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथील दीर्घ पाहणीतून २०२३ साली याच संबंधाची दुसरी बाजू पुढे आली: सरासरी ७२ वर्षे वयाच्या ३,६५१ व्यक्तींपैकी ज्यांच्या संपूर्ण शरीराच्या हाडांची घनता सर्वांत कमी होती, त्या एकतृतीयांश लोकांना पुढील दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचा संभव सर्वाधिक घनतेच्या एकतृतीयांशाहून ४२ टक्क्यांनी अधिक होता. हाड झिजल्यामुळे बुद्धी झिजते असा निष्कर्ष यावरून काढणे उतावळेपणाचे होईल, आणि पदवीधरांनी असा उतावळेपणा करू नये. या अभ्यासांतून साहचर्य सिद्ध होते, कार्यकारणभाव नव्हे.

पण साहचर्य हेदेखील परिचारिकेच्या आणि वैद्याच्या दृष्टीने मोठे मोलाचे असते, कारण त्याच्यामागे उभी असलेली कारणे आपल्या परिचयाची आहेत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरते आणि त्याचा आधार अस्थी व मेंदू दोघांनाही उरत नाही. विस्मरण जडलेली व्यक्ती घराबाहेर पडेनाशी होते, चालणे थांबले की स्नायू आणि हाडे दोन्ही खंगतात, जेवल्याचे वा न जेवल्याचे भान राहत नाही म्हणून वजन उतरते, ऊन अंगावर न पडल्यामुळे ड जीवनसत्त्व घटते, आणि रात्री झोप यावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी तोल जातो. याखेरीज अस्थी स्वतःही मुक्या नाहीत: हाड घडविणाऱ्या पेशींतून निघणारे ऑस्टिओकॅल्सिन नावाचे द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचते आणि स्मरणाशी त्याचा संबंध आहे, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे, माणसांविषयी त्यावरून फार पुढे जाणे आज तरी योग्य नव्हे. या भागात ज्याने खारबांध पाहिला आहे त्याला ही झीज समजावून सांगावी लागणार नाही; खेकड्यांनी आतून पोखरलेला बांध भांगाच्या भरतीत वरून धडधाकट दिसतो, आणि उधाणाच्या एका रात्री त्याला खांड पडते. दोष उधाणाला दिला जातो, पण बांध पोखरला जात असताना त्याकडे लक्ष कोणाचे होते, हा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे आपल्या तालुक्यांतील स्वरूप अधिक बिकट का आहे, तेही लक्षात घ्या. देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीतून २०२३ साली असे अनुमान प्रसिद्ध झाले की ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे इतके आहे. पुरुषांत ते ५.८ टक्के तर स्त्रियांत ९ टक्के, शहरांत ५.३ टक्के तर खेड्यांत ८.४ टक्के. म्हणजे ज्या वर्गात हाडे सर्वाधिक ठिसूळ होतात त्या वृद्ध स्त्रियांतच विस्मरणही अधिक, आणि जेथे तपासणीची साधने तुटपुंजी तेथेच ते अधिक. कर्ती मुले पनवेलला, नवी मुंबईला, डोलवीच्या कारखान्यात पाळीवर. घरात दिवसभर आजी एकट्या.

शिवाय परीक्षा घ्यावयाची ती कशी? प्रचलित स्मृतिपरीक्षेत तारीख, वार, जिल्हा विचारतात, वाक्य लिहावयास सांगतात. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा माणसांसाठी हरयाणातील बल्लभगड येथे तयार केलेली हिंदी परीक्षा १९९५ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचा धडा आपण घेतला पाहिजे. आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, ते १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. पंचाऐंशी वर्षांच्या आजींनी जिल्हा विचारल्यावर कुलाबा म्हटले तर त्यांची स्मृती गेली असे समजणारा परीक्षकच चुकतो. त्यांना इंग्रजी तारीख ठाऊक नसेल. परंतु आज तिथी कोणती, उधाण आहे की भांग, हे खाडीकाठच्या माणसाला सांगता येते, आणि जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला महापूर आला तेव्हा घरात कोण कोण होते हे त्यांना विचारता येते. महापुराची हकीकत त्या तपशीलवार सांगतील आणि आज सकाळी काय जेवलो ते सांगू शकणार नाहीत, असे झाले तर तो फरक लिहून घ्या. ज्या आजींनी जन्मभर भरतीओहोटी पाहून कालवे काढली, त्याच पाण्याच्या वेळेबाबत गोंधळू लागल्या, तर कोणत्याही छापील प्रश्नावलीपेक्षा ती खूण मी अधिक गंभीर मानीन.

आणखी एक परीक्षा तुम्हाला सांगतो, जिला यंत्र लागत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली एक छोटेसे निरीक्षण प्रसिद्ध केले: वृद्धांच्या निवासातील ५८ व्यक्तींसोबत चालता चालता त्यांनी संभाषण सुरू केले, तेव्हा १२ जण बोलण्यासाठी थांबले, आणि पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकाच वेळी करण्याइतकी शक्ती मेंदूत उरलेली नाही, हे ते थांबणे सांगत होते. गृहभेटीला गेलात की आजींना खाटेवर बसवून नाडी पाहण्याआधी त्यांच्याबरोबर अंगणातून विहिरीपर्यंत चाला, लेकीच्या सासरची चौकशी करा, आणि त्यांच्या पावलांकडे पाहा. पाय थबकले आणि मग उत्तर आले, तर तुमच्या नोंदवहीत स्मृती आणि पतनभय या दोन्ही रकान्यांत त्याच वेळी नोंद झाली पाहिजे.

उपायांविषयी थोडे. तोल आणि पायांचे बळ वाढविणाऱ्या नियमित व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक प्रयोग एकत्र करून २०१९ साली दाखविण्यात आले; भौतिकोपचाराच्या स्नातकांनो, हे तुमचे क्षेत्र आहे. आहारासाठी दूर जाण्याचे कारण नाही: रोह्याच्या वरकस जमिनीत पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी आपल्या घरोघरी आहेच. मात्र धडधाकट माणसाला सरसकट ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्याने मोडी कमी होत नाहीत, असे २५,८७१ लोकांवरील अमेरिकी प्रयोगातून २०२२ साली स्पष्ट झाले आहे. तेव्हा ज्याला उणीव आहे त्यालाच द्या.

ज्यांचा खुबा एकदा मोडला आहे त्यांच्याबाबत मात्र हात आखडता घेऊ नका. हाडांसाठीची आठवड्याची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसावे लागते. विस्मरण झालेल्या माणसाकडून ही अट वर्षानुवर्षे पाळली जाईल ही अपेक्षाच व्यर्थ होय. वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रॉनिक आम्लाने खुब्याच्या मोडीनंतरच्या नव्या मोडी ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ साली दिसून आले आहे. मूत्रपिंडाची आणि कॅल्शियमची तपासणी करून हे औषध देण्याची तजवीज तालुका पातळीवर व्हावी, असा आग्रह तुम्ही वरिष्ठांकडे धरला पाहिजे. त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात येणारा भ्रम म्हातारपणाचा म्हणून सोडून देऊ नका: अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ८५२ रुग्णांवरील अभ्यासात चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, झोप, हालचाल आणि वेळकाळाची जाणीव एवढ्याच गोष्टी नेटाने सांभाळल्याने भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. पलंगाशेजारी बसून हे करणारी व्यक्ती परिचारिकाच असते.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांतून इतकी रुळली आहे की तिच्या आश्रयाने उपचारयोग्य आजार निमूटपणे सोसले जातात, आणि हे मला अत्यंत क्लेशकारक वाटते. तुम्ही तुमच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता, दोन रकाने आखा: पडलेल्या प्रत्येक वृद्धापुढे स्मृतीचा, आणि विसरणाऱ्या प्रत्येक वृद्धापुढे पडण्याचा. आणि तो कागद भरताना जी सून पदर खोचून सासूबाईंना खाटेवरून उचलून न्हाणीत नेते, उत्तरेही तीच देते, तिचे वय अवश्य विचारा. बहुधा ती पन्नाशीच्या आसपास असेल, तिची पाळी नुकतीच थांबलेली असेल, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हाडांची झीज सर्वांत झपाट्याने होते. तेव्हा तिच्या नावाचा कागद त्याच भेटीत उघडा.