जुन्या मोटारीचा डळमळता काटा

सुरतेच्या दक्षिणेस असलेले सचिन हे एके काळी सिद्दी नबाबांच्या छोट्या संस्थानाचे गाव होते. आज ते कारखान्यांचे ठाणे आहे. सुरतेच्या या परिसरात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लग्नसराईत त्यांपैकी एखादे कुटुंब जुन्या मोटारीतून व्यारा, नवापूर या मार्गाने धुळ्याकडे निघते, तेव्हा वाटेत कोंडाईबारीचा घाट लागतो. चढणीवर पुढची मालमोटार ओलांडताना मोटारीने ऐन वेळी झटका खाऊन जोर सोडला, तर प्रसंग जिवावर बेततो.

असा दोष पुष्कळदा एका लहानशा भागात असतो. २००० सालापासून देशात धुरासंबंधीचे निर्बंध कडक झाले आणि पेट्रोलच्या मोटारींतून कार्बोरेटर मागे पडून संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी यंत्रणा रूढ झाली. हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, किती उघडली आहे हे त्या संगणकास कळविण्याचे काम थ्रॉटल सेन्सर करतो. जुन्या मोटारींत त्यास बहुधा तीन तारा असतात. एकीतून ५ व्होल्टचा पुरवठा येतो, दुसरी अर्थची असते व तिसरी संदेश नेते. आत कार्बनची पट्टी आणि तीवरून सरकणारा स्पर्शक असतो. झडप मिटलेली असता संदेश सामान्यतः अर्ध्या व्होल्टच्या आसपास, तर पूर्ण उघडली असता साडेचार व्होल्टच्या आसपास असतो. मधली वाढ संथ व अखंड असावयास हवी. ती मध्येच कोसळली, की चालकाने पाय काढला असे समजून संगणक इंधन आखडतो.

अशा वेळी सेन्सर बदलून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु दोष वायरिंगमध्ये असेल, तर नवा सेन्सरही तसाच वागतो आणि मालकाचे पैसे मात्र वाया जातात. म्हणून तपासणीस क्रम हवा. प्रथम, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे आणि पुरवठ्याच्या तारेवर स्थिर ५ व्होल्ट मिळतात का, ते पाहावे. न मिळाल्यास सेन्सरला दोष देऊ नये. त्याच तारेवरील दुसरा एखादा सेन्सर पुरवठा खाली ओढीत असण्याचा संभव असतो. नंतर अर्थची तार व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो एकदशांश व्होल्टहून अधिक भरल्यास अर्थचा सांधा खराब आहे असे समजावे. दमट हवेत कपलरमधील पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो, तोही पाहून साफ करावा.

त्यानंतर संदेशाची पाळी. येथे काट्याचा जुना मीटर अधिक उपयोगी पडतो. अंकी मीटर सेकंदातून मोजक्याच वेळा आकडा बदलतो. त्यामुळे क्षणाची घसरण त्यातून निसटते. काटा मात्र ती लगेच दाखवितो. झडप हाताने अगदी सावकाश उघडावी. काटा दर वेळी झडपेच्या एकाच स्थानी पडत असेल, तर पट्टी झिजली आहे व सेन्सर बदलणे भाग आहे. नित्याच्या वापरात झडप थोडीच उघडी राहते. म्हणून झीज बहुधा पट्टीच्या आरंभीच्या भागात आढळते. झडप स्थिर असता केवळ तारा हलविल्याने काटा थरथरला, तर दोष तारेत वा कपलरमध्ये असतो. सर्व काही ठीक दिसून इंजिन सुरू होताच घोटाळा होत असेल, तर इंजिनाची थरथर किंवा अल्टर्नेटरचा दोष यांचा शोध घ्यावा.

नवा सेन्सर बसविल्यावर, त्याचे स्क्रू सरकविण्याजोगे असल्यास, मिटलेल्या स्थितीतील दाब मोटारीच्या पुस्तिकेनुसार जुळवून घ्यावा आणि सावकाशीची तीच परीक्षा पुन्हा करावी. या साऱ्यास अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी मालकाने हा अर्धा तास फिटरकडे आवर्जून मागावा. कारण गॅरेजात न सापडलेला दोष घाटातच प्रकट होण्याचा संभव अधिक.