भाकरी सोडायची की माप बदलायचे?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा लिखित मजकूर)



समितीने आम्हाला आहारावर दोन शब्द बोलायला सांगितले. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही त्यातला एकच प्रश्न घेतो. भात-भाकरी बंद केली की वजन आणि रक्तातली साखर दोन्ही उतरतात, हे खरं का? आणि खरं असेल तर आपण सगळ्यांनी तसं करावं का?

आम्ही दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात काम करणारी माणसे. "आठ दिवस झाले, भाकरीला हात लावला नाही," असे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्ही विचारतो, "मग मधुमेहाची गोळी?" उत्तर येते, "ती चालू आहे की!" बंधूंनो, इथेच आमच्या छातीत धस्स होते. ते का, ते पुढे सांगतो.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. भात, भाकरी, चपाती, पाव, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ या सगळ्यांत मुख्यतः पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थ असतात. यांनाच कर्बोदके म्हणतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते, ती रक्तात येते आणि तिला पेशींत पोचवण्यासाठी शरीर इन्सुलिन सोडते. मधुमेहात हे काम नीट होत नाही. म्हणून कर्बोदके कमी केली की रक्तातली साखर कमी चढते, यात शंका नाही.

ही कल्पना नवीनही नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवले आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. १९२२ साली इन्सुलिन हाती येण्यापूर्वी मधुमेहाच्या रोग्याला असाच कडक आहार देत. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने त्याची लाट आणली. आता ती लाट मोबाईलवरून आपल्या वस्तीपर्यंत आली आहे.

संशोधन काय सांगते? २०२१ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्या मधुमेहींपैकी सुमारे ५७ टक्के लोकांची साखर सहा महिन्यांत आटोक्यात आली. इतर आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. फायदा खरा आहे. पण वर्षभरात हा फरक बराच कमी झाला, कारण कडक पथ्य माणसाला जन्मभर पाळवत नाही. वजनाचेही तसेच. २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग झाला. तेल-तूप कमी केलेल्यांचे वजन सरासरी ५.३ किलोने उतरले आणि कर्बोदके कमी केलेल्यांचे ६ किलोने. म्हणजे जवळजवळ सारखेच! पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, पण त्यात मोठा वाटा शरीरातील पाण्याचा असतो. त्याला भुलू नये.

त्याच वर्षी अमेरिकेतील पंधरा हजारांवर लोकांचा सुमारे २५ वर्षांचा अभ्यास पुढे आला. ज्यांच्या आहारातील निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून येत होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. कर्बोदके फार जास्त आणि फार कमी, दोन्ही टोकांना ते वाढलेले होते. भाकरीच्या जागी नुसते मटण आणि लोणी आले तर धोका जास्त, आणि डाळी-शेंगदाणे आले तर कमी, असेही त्यात दिसले.

आता आपल्या देशाकडे या. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या लोकांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, हे त्याच पाहणीतल्या आहाराच्या माहितीवरून २०२५ मध्ये समोर आले. नुसता भात सोडून तेवढीच चपाती किंवा भाकरी खाल्ली, तर धोका कमी होताना दिसला नाही. धान्य बदलून भागत नाही, एकूण माप उतरावे लागते.

किती उतरवायचे? हिशेब करून बघा. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला ६२ टक्क्यांवरून ५० वर यायचे तर साठ ग्रॅम कर्बोदके कमी करावी लागतात. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे चाळीस ग्रॅम झाले. उरलेले वीस ग्रॅम म्हणजे एक लहान भाकरी. बस्स! अख्खी भाकरी सोडायची गरज कुठे आली?

आता त्या गोळीबद्दल. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढते. जेवणातून साखर येणारच नसेल तर ती धोक्याइतकी खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बेशुद्धही पडतो. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांत दुसरा धोका आहे. कर्बोदके एकदम बंद केली तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते, आणि साखर फार वाढलेली नसल्याने ते लवकर लक्षातही येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, दम लागणे ही त्याची लक्षणे. म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, गोळीचे माप त्यांना ठरवू द्या. आपल्या मनाने गोळी बंदही करू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, मूत्रपिंडाचे रोगी, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली मुले यांनी तर हा प्रयोग घरी करूच नये.

कोणी म्हणेल, बोलणे सोपे आहे, पण रेशनवर मिळतो गहू आणि तांदूळ, डाळ विकत घ्यावी लागते. खरे आहे. गरिबाच्या ताटात भात जास्त दिसतो तो आवडीने नव्हे, परवडतो म्हणून. पण बदाम-पनीरच लागते असे कोणी सांगितले? मटकी, हुलगे, चवळी, शेंगदाणे, अंडी, सुकट, ताक हे आपलेच अन्न आहे. अंबाडी, शेपू, मेथी यांनी अर्धे ताट भरावे, पाव ताट डाळ-उसळ, अंडे किंवा मासळी, आणि पाव ताटात भात किंवा भाकरी. दोन्ही एकदम नकोत. कार्यक्रमाच्या भोजनदानात पुरी, भात, बुंदी असतेच. तिथे एक उसळ आणि काकडी-कांदा वाढवला तर सगळ्या वस्तीला त्याचा उपयोग होईल. महिला मंडळाने यावर जरूर विचार करावा.

कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकीत भगवंतांकडे यायचा, ही कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही, मात्रा ओळखून जेवायला सांगितले. जेवताना आठवण करून द्यायला सुदर्शन नावाचा तरुण होता. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : बदल हळूहळू करावा, आणि ताटावर आठवण करून देणारे घरात कोणीतरी असावे. आपल्या घरातली शाळेत जाणारी मुले हे काम आनंदाने करतील.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आजपासून चहातली साखर निम्मी करा, एक भाकरी कमी करून एक वाटी उसळ वाढवा, आणि गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एवढे केले तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू. 

जय भीम!