अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी

वाटेत पेट्रोल संपलं, ही गोष्ट आपण एरवी हसण्यावारी नेतो. गाडी ढकलत नेणारा दिसला की ओळखीचे लोक दोन शब्द ऐकवतात, कुणीतरी मागून पाय लावून धक्का देतं, पुढच्या चौकात पंप येतो आणि विषय संपतो. शहरात हे खपून जातं. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मात्र त्याच चुकीची किंमत वेगळी आहे, कारण इथे पुढचं मोठं गाव वीस-पंचवीस किलोमीटरवर असू शकतं आणि मधे नुसतं जंगल. म्हणून आज मी एकच नियम सांगणार आहे आणि तो का पाळायचा ते समजावणार आहे. टाकी अर्धी झाली की ती रिकामी झाली असं धरायचं आणि पहिला पंप लागेल तिथे भरून घ्यायची. हे जरा जास्तच वाटेल. पण आधी हिशेब करून पाहू.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती सुमारे १० लाख ७३ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. राज्याची सरासरी तेव्हा ३६५ होती. गिऱ्हाईक असेल तिथेच पंप उभा राहतो, त्यामुळे वस्ती विरळ तिथे पंपही विरळ. आता आलापल्ली ते भामरागड हा रस्ता घ्या. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत जाणारं हे अंतर साधारण ६५ किलोमीटर आहे. शंभर सीसीच्या गाडीत रिझर्व्हचं पेट्रोल लिटरभर असतं आणि दोन माणसं, सामान, खराब रस्ता धरून गाडी ४५ चं ॲव्हरेज देते असं समजू. आलापल्लीतच रिझर्व्ह लागलं, तर गाडी भामरागडच्या वीस किलोमीटर अलीकडे थांबणार. स्प्लेंडरसारख्या गाडीची टाकी ९.८ लिटरची. तिच्या अर्ध्या टाकीत जवळपास पाच लिटर, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन १३० किलोमीटर झाले तरी दोन लिटर शिल्लक. अर्ध्या टाकीचा नियम या साध्या गुणाकारातून आलेला आहे. पोचण्याच्या गावी पंप असला तरी तो त्या वेळी उघडा असेल, वीज असेल आणि पंपावर साठा असेल, असं धरून निघू नये. परतीचं पेट्रोल आपल्या गाडीतच हवं. स्कूटरवाल्यांनी मात्र आणखी कडक व्हावं. पाच-सव्वापाच लिटरच्या टाकीत अर्धं म्हणजे शंभरेक किलोमीटर. एवढ्यात ही फेरी पुरी होत नाही, म्हणून तिथे टाकी भरूनच निघायचं.

"पण रिझर्व्ह असतं की," असं कुणी म्हणेल. रिझर्व्ह म्हणजे काय ते पाहा. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत टाकीच्या आत कमी-जास्त उंचीची दोन तोंडं असतात. नॉब 'ऑन'वर असताना उंच तोंडातून पेट्रोल येतं. पातळी त्याच्या खाली गेली की गाडी झटके देते, आपण नॉब फिरवतो आणि खालच्या तोंडातून उरलेलं पेट्रोल येऊ लागतं. हा इशारा एकदाच मिळतो. पेट्रोल भरल्यावर नॉब परत 'ऑन'वर आणायचा राहिला, तर पुढच्या वेळी झटका न देता टाकी थेट कोरडी होते. दुसरी गोष्ट, १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं भारत स्टेज ६ हे मानक लागू झालं आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. यातल्या बहुतेक गाड्यांना रिझर्व्हचा नॉबच नाही, फक्त काटा किंवा लुकलुकणारी खूण. चढ-उतारावर आणि साइड स्टँडवर काटा हमखास चुकीचं सांगतो. शिवाय या गाड्यांचा इंधनपंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलनं थंड राहतो. टाकी सारखी तळाला ठेवली की तो तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं.

"माझी गाडी साठचं ॲव्हरेज देते" हा दुसरा आक्षेप. देत असेलही, पण सपाट डांबरी रस्त्यावर, एकट्याला, चाकांत हवा बरोबर असताना. मागे माणूस, पुढे धानाचं पोतं आणि गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चाललेली गाडी तो आकडा देऊ शकत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं, की या मिश्रणासाठी न बनवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटू शकतं. घट लहान आहे, पण ती नेमकी शेवटच्या लिटरमध्ये जाणवते. म्हणून हिशेब नेहमी आपल्या गाडीच्या सगळ्यात वाईट आकड्यानं करावा.

हा नियम पाळायचं मोठं कारण आहे वेळ. दुपारी गाडी बंद पडली तर एखादी एसटी, एखादा ट्रॅक्टर येतोच. संध्याकाळी तोच रस्ता सुनसान होतो आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंजही नसते. वाघ, बिबट, अस्वल यांच्या हालचालीची वेळही संध्याकाळ आणि पहाट हीच. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळप कुरखेडा, धानोरा, देसाईगंज भागात फिरतो. इथे भीती वाढवून सांगायची नाही. वाघाचे हल्ले जास्त करून मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण गोळा करायला रानात वाकून काम करणाऱ्यांवर होतात, चालत्या गाडीवर क्वचित. पण पेट्रोल संपलेला माणूस गाडीवरचा उरत नाही, तो पायी चालणारा होतो. फरक तिथे पडतो. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर नाटक पाहून पहाटे गावाकडे निघणाऱ्या गाड्यांना त्या वेळी उघडा पंप सापडणं कठीण. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. नाल्याला पूर आला की माघारी फिरावं लागतं, आणि त्या परतीसाठी लागणारं पेट्रोल कुणी मोजलेलं नसतं.

आता सगळ्यात खरा आक्षेप, पैशाचा. "रोज शंभरचं टाकतो, टाकी भरायला पैसे कुठून आणू?" सध्याच्या भावानं शंभर रुपयांत लिटरही येत नाही, हे मान्य. मजुरीवर घर चालवणाऱ्याला हा प्रश्न सोपा नाही. पण एक लक्षात घ्या. अर्ध्या टाकीच्या नियमानं पेट्रोल जास्त जळत नाही. जेवढे किलोमीटर चालाल तेवढंच लागणार. फक्त एकदा, चार लिटरचे चारशे-सव्वाचारशे रुपये टाकीत अडकून राहतात. तेही एका दिवशी नकोत. आठ आठवडे, दर आठवडी बाजाराला पन्नास रुपयांचं जास्त टाकलं तरी तळ तेवढा वर येतो. त्यानंतर पुन्हा रोजचं शंभरचंच टाका. खर्च तोच राहील, फक्त गाडी वरच्या अर्ध्या टाकीवर चालेल. कुणी म्हणेल, भरलेल्या टाकीचं पेट्रोल रात्री चोरीला जातं. जातं, पण त्यावर उपाय म्हणजे कुलपाचं झाकण आणि घरासमोर उजेडात गाडी. टाकी रिकामी ठेवून चोरी टळते आणि अडचण मात्र पदरात पडते. भरलेल्या टाकीच्या वजनानं ॲव्हरेज कमी होतं म्हणावं, तर पाच लिटर पेट्रोलचं वजन चार किलोही भरत नाही. उन्हाचं मात्र खरं आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दर दहा अंशांमागे पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. म्हणून उन्हाळ्यात टाकी गळ्यापर्यंत न भरता थोडी जागा सोडावी.

"गावोगावी बाटलीत पेट्रोल मिळतं" हा शेवटचा आधार. मिळतं, पण परवान्याशिवाय अशी विक्री बेकायदा आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगू देतो, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. प्लास्टिकची बाटली त्यात बसत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत पोचते आणि भडका उडतो. ज्या घरात चूल आणि बाटल्या एका छताखाली आहेत, तिथल्या लेकरांचा विचार करा. त्या पेट्रोलमध्ये रॉकेल किती आणि पाणी किती, तेही कळत नाही. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं आणि गाडी नेमकं तेच ओढते. आणखी एक. दुसऱ्याच्या टाकीतून नळीनं तोंडानं पेट्रोल ओढू नका. थोडंसं जरी फुप्फुसात गेलं तरी गंभीर सूज येऊ शकते. कुणी चुकून गिळलंच, तर त्याला ओकारी काढायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या.

एवढं करूनही कधी गाडी थांबलीच, तर आधी रिझर्व्ह तपासा. जुनी गाडी डावीकडे चांगली कलवून पुन्हा सरळ केली, तर दुसऱ्या बाजूला साचलेलं पेट्रोल नॉबकडे येतं आणि एक-दोन किलोमीटर मिळतात. पेट्रोल मिळाल्यावर इंजेक्शनच्या गाडीत सलग सेल्फ मारू नका. किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून पंपाला दाब धरू द्या. संध्याकाळ असेल तर पायवाटेनं आडमार्गाला शिरू नका. डांबरी रस्त्यावरच, गाडीजवळ, उभे राहा. झुडपापाशी उकिडवं बसू नका. टॉर्च लावा, मोठ्यानं बोला, येणाऱ्या गाडीला हात करा. रेंज असेल तर ११२ लावा. जंगली जनावराची अडचण असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

श्रोतेहो, हे क्रमांक पाठ असावेत, पण ते लावायची वेळ येऊ नये हे बरं. गाडी जंगलात थांबते खरी, पण ती थांबणार हे आदल्या पंपावरच ठरलेलं असतं, आपण तिथून न थांबता पुढे गेलो तेव्हा. उद्या सकाळी गाडी काढताना टाकीचं झाकण उघडा आणि आत डोकावून पाहा. अर्ध्याच्या खाली असेल, तर पहिलं काम पंपाचं, बाकीचं नंतर.